सोडण

ओरोसच्या लॅबमध्ये तीनला वीज जाते, साडेतीनला येते.
मायक्रोस्कोपखाली मघाचीच स्लाइड.
नंबर आठशे चौदा.
दिनानाथ मेथर, वय सत्तावन्न, राहणार कालावल,
मानेच्या डाव्या बाजूची गाठ.
आकाराच्या रकान्यात कोणीतरी लिहिलंय 'सुपारीएवढी',
मग खोडून 'साडेतीन सेंटिमीटर'.

जिथे जाळी असायला हवी,
बारीक, काळ्या सुताची, तियानीपेक्षा नेटकी,
तिथे भोकं.
सुतं तुटलेली नाहीत.
तुटलेल्या सुताला टोक असतं.
ही विरघळलीत.

हे मी शाळेत जायच्या आधीपासून ओळखते.
खाडीच्या काठाला, गुडघाभर चिखलात,
गणपतीत पुरलेली सोडणं
शिमग्याला काढायची.
वर झावळं, झावळांवर जांभे दगड.
मधले सहा महिने कोणी हात लावायचा नाही.
काम पाणी करायचं,
म्हणजे पाण्यातले न दिसणारे जीव,
म्हणजे त्यांच्या अंगातून सुटलेला रस,
जो काथ्याला काथ्याशी धरून ठेवणारा गर
तेवढा नेमका खातो.
वास असा, की एसटीतली माणसं पुलावर खिडक्या लावून घेत.
आई त्या वासात बसून दांडक्याने बडवायची,
आणि सोनेरी काही मोकळं व्हायचं.

एन्झाइम हा शब्द मला बारावीत भेटला.
वास आधीचा होता.

पण सोडणाची शेवटी दोरी होते.
इथे नुसती वाट होते.
पेशी आपल्या पुढ्यात रस ओतते,
भिंत मऊ करते, एक पाऊल सरकते,
पुन्हा ओतते.
काखेपर्यंत आलीय. पोटातलं
सीटी स्कॅन सांगेल.

कोल्हापूरहून दुसरा कागद आला आहे:
विषाणू सापडला. पेशींची केंद्रकं
पिकल्या करवंदासारखी काळीभोर.

हा कालपरवा आलेला नाही.
हा येतो थुंकीतून, लहानपणी,
दोन दिवसांचा ताप होऊन, किंवा तोही न होता,
आणि मग जात नाही.
शंभरातल्या नव्वदांच्या अंगात असतो.
माझ्या असेल. सही करणाऱ्या डॉक्टरांच्याही.
झोपून असतो.
दिनानाथच्या अंगात तो उठला,
पेशीला काही बोलला, आणि तिने रस सोडला.
काय बोलला, थोडंफार कळलंय.
आताच का बोलला,
त्याबद्दल पुस्तकात अर्धी ओळ आहे.

बाहेर बाकावर त्याची आई.
तळव्यांवर काथ्याने पाडलेल्या खाचा,
ज्यांत हळदसुद्धा वेगळी बसते.
"तू शेवंतीचा चेडू मां?"
हो.
"ह्या कोणाकडसून लागला त्येका?"
मी काही म्हणायच्या आत तीच सांगू लागते,
माणसं डॉक्टरांना सगळंच सांगतात, मी डॉक्टर नसले तरी:
"जीवान बारीक होतो. अंगावरचा दूध नाय पुरला.
दात नाय होते तेवा भात चावून चावून भरवलंय मी.
सगळी म्हणत, ह्या पोर जगाचा नाय.
जगलो."

जगलो, हा शब्द ती दोनदा म्हणते.

माझ्या हातात फॉर्म आहे.
ती पदराचं टोक पिळते, अंगठा आणि तर्जनीत,
जसा काथ्या पिळतात,
गाठ मारते, सोडते.

"कोणाकडसूनच नाय गे," मी म्हणते.
"ता सगळ्यांतच असता."
यात खोटं काही नाही.

आत येऊन रकाना भरते:
संसर्गाचा स्रोत. ज्ञात नाही.
पेन उठवत नाही, मग उठवते.

दारातून ती विचारते,
कोल्हापूरची गाडी कितीक?
सकाळी सहाक.
बसाक गावतला?
गावतला, मी म्हणते, थयसूनच सुटता ना,
आणि आठशे पंधरा क्रमांकाची स्लाइड
भिंगाखाली सरकवते.